युरेनसच्या वाटेवरचा अबोला

"पोचलं का?"

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत मला दहाएक वर्षं हा एकच प्रश्न विचारला गेला. विचारणारे बहुतेक वेळा पानसे, आमचे सेक्रेटरी. या काळात त्यांचा मुलगा अमेरिकेला गेला, तिथं लग्न करून बसला, ते मोडून परत आला आणि इथं दुसऱ्यांदा बोहल्यावर चढला, तरी माझं यान आपलं वाटेतच. गजभिये बाईंना नोकरीबिकरी काही नाही, त्या रोज डबा घेऊन हडपसरला बहिणीकडे जाऊन बसतात, असा पानशांचा पक्का समज झाला होता. मला बहीण नाही, पण त्यांना तेवढ्या तपशिलाची गरज वाटली नसावी.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे "अंतराळातले थरारक अनुभव" मागितले आहेत. त्यांची निराशा करायला मला बरं वाटत नाही, पण आमच्या धंद्यात थरार फार थोडा. यान उडतं तो दिवस सोडला तर पुढची सगळी वर्षं वाट बघण्यात जातात. त्यातही उडण्याचं काम आमचं नव्हतंच. तीन देशांनी मिळून युरेनसकडे एक यान पाठवायचं ठरवलं, आणि कामाची वाटणी झाली तेव्हा रॉकेट एकानं घेतलं, कॅमेरे आणि बाकीचं यान दुसऱ्यानं घेतलं, आणि यानाचं डोकं फिरलं तर काय करायचं, हा भाग पुण्याच्या वाट्याला आला. ही वाटणी कोणी केली ते मला माहीत नाही, पण त्याला पुणं चांगलं माहीत असणार.

युरेनसच का, असंही लोक विचारतात. मंगळाला सगळेच जातात. शनीबद्दल लोकांना घरगुती जिव्हाळा असतो. युरेनसला कोणी विचारत नाही. हा ग्रह उभा फिरत नाही, जेवून आडवा झालेल्या माणसासारखा कुशीवर पडून सूर्याभोवती फिरतो. मला तो पहिल्यापासून आवडला.

यान चालवणं म्हणजे काय, तेही सांगून टाकते, कारण आमच्या कंट्रोल रूममध्ये येणारा प्रत्येक पाहुणा स्टिअरिंग कुठंय ते शोधायचा. स्टिअरिंग नसतं. यान फेकलेल्या दगडासारखं जात असतं. वाटेत गुरूच्या जवळून त्याला असं नेतात की त्याचा वेग आयता वाढतो. सोलापूर रोडला सायकलवाले ट्रकच्या मागची साखळी धरून फुकटात पुढे जातात, तोच प्रकार, फक्त इथं ट्रक ड्रायव्हर शिव्या देत नाही. मधून मधून छोटी इंजिनं पेटवून यानाला थोडा धक्का द्यायचा, बस. हे सगळं त्याला आधीच लिहून कळवायचं, कारण युरेनसच्या बाजूला आपला निरोप पोचायलाच अडीच-पावणेतीन तास लागतात आणि उत्तर यायला तेवढेच. कोथरूडहून हडपसरला जायला जेवढा वेळ लागतो त्याच्याशी मी बरेचदा तुलना केली आहे. पावसाळ्यात युरेनस जवळ पडायचा.

पाहुणे हा वेगळाच अध्याय. आमची कंट्रोल रूम हडपसरच्या एका आयटी पार्कच्या मधल्या मजल्यावर होती. वर विमा कंपनीचं कॉल सेंटर, खाली जिम. यानाचा सिग्नल म्हणजे पडद्यावरची एक बारीक उभी रेघ, तिला आवाज नसतो. पण पाहुण्यांना आवाज हवा असतो. एकदा एक मंत्रिमहोदय आले आणि "कुठंय आवाज?" म्हणून अडून बसले. तेव्हापासून आम्ही स्पीकरवर एक "टिंग" लावायला लागलो. ते ऐकून लोकांचे डोळे भरून यायचे. तो आवाज आमच्या लिफ्टचा होता.

आता माझं काम. दूरच्या यानाला काही बिघाड झाला, समजा त्याला पृथ्वी सापडेनाशी झाली, तर ते कुणाला विचारायला येऊ शकत नाही. म्हणून त्याच्या डोक्यात आधीच लिहून ठेवावं लागतं की असं झालं तर तू काय करायचंस. बहुतेक यानं अशा वेळी सगळी कामं बंद करतात, सूर्याकडे तोंड करतात आणि हुकमाची वाट बघत बसतात. आमच्या यानानं नेमकं काय करायचं हे मला ठरवायचं होतं. परदेशी लोकांची जाडजूड बाडं वाचून झाली, आणि मग मला आमचं घर आठवलं.

माझे आईवडील भंडाऱ्याकडचे. बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला लागले म्हणून पुण्याला आले. दोघांचं भांडण झालं की आई बोलणं बंद करायची. आदळआपट नाही, रडणं नाही, नुसतं बंद. पण कितीही रागावलेली असली तरी संध्याकाळी एकदा ती ओट्याला टेकून उभी राहायची आणि भिंतीकडे बघत विचारायची, "जेवता का जी?"

याचं उत्तर एका शब्दात होतं. "वाढ." तेवढं म्हटलं की ताट यायचं, आणि ताटाच्या मागून हळूहळू बोलणंही यायचं. पण बाबा युनियनमधले. त्यांना वाटायचं, आता ही बोललीच आहे तर विषय मुळापासून समजावून सांगावा. ते सुरू करायचे, "हे बघ, त्या दिवशी मी जे म्हणालो त्याचा अर्थ..." आणि आईचा चेहरा पुन्हा बंद. मग दुसऱ्या दिवशी ती विचारायचीच नाही. परवा विचारायची. पुन्हा भाषण झालं, तर त्याहून उशिरा. मी कोपऱ्यात अभ्यास करत हे बघायची आणि मनात म्हणायची, अहो बाबा, "वाढ" म्हणा ना नुसतं.

मी यानात हेच लिहिलं. बिघाड झाला की सगळं बंद, कोणाचं ऐकायचं नाही. पण दिवसातून एकदा पृथ्वीकडे तोंड करून एक बारीक सिग्नल पाठवायचा आणि आपलं उत्तर पोचायच्या वेळेला थोडा वेळ कान उघडा ठेवायचा. तेवढ्यात एक ठरावीक छोटा शब्द आला तरच पुढचं बोलणं. लांबलचक काही आलं तर ते अर्धवटच ऐकू येणार, आणि अर्धवट ऐकलेल्या हुकमावर इंजिन पेटवणारं यान मुक्या यानापेक्षा वाईट. म्हणून तसलं काही आलं, किंवा काहीच आलं नाही, की कान बंद, आणि पुढचं विचारणं दुप्पट अंतरानं. म्हणजे वीजही वाचते.

परदेशी भागीदारांच्या बैठकीत मी हे मांडलं तेव्हा आईचं नाव घेतलं नाही, आलेख दाखवले. त्यांना ते फार पटलं. त्यांनी त्या शब्दाला एक लांबलचक नाव दिलं. आमच्या खोलीत त्याचं नाव "वाढ" होतं, आणि जमिनीवर चाचण्या करताना तिकडची माणसंही जोरात "वाड, वाड" म्हणायला शिकली.

मग यान उडालं, आणि नऊ वर्षं त्याला काहीही झालं नाही. चांगल्या यानाचा हा एक मोठा तोटा आहे. बिघाडाची माणसं बिनकामाची ठरतात. माझ्याबरोबर चाचण्या केलेल्यांपैकी दोघं बँकांच्या ॲपकडे गेली, एकजण घरपोच जेवणाच्या कंपनीत गेला. मी निवृत्त झाले. निरोपसमारंभात आमचे संचालक देवधर साहेब माझ्या "शिस्तप्रिय स्वभावाबद्दल" दहा मिनिटं बोलले. मी तुसडी आहे, हे सांगायची ही ऑफिसातली रीत.

राहिली सायली. ती कॉलेजातून थेट आमच्याकडे आली होती, हडपसरचीच, मळ्यातल्या घरातली. तिचं लग्न, तिची मुलगी, तिच्या सासूचं आजारपण, सगळं या यानाच्या प्रवासात झालं. दुसरीकडे दुप्पट पगार मिळत असताना ती गेली नाही, कारण तिला युरेनस बघायचा होता. मी गेल्यावर पुण्याच्या खोलीची ती प्रमुख झाली.

निवृत्तीला दोन वर्षं झाल्यावर एका सकाळी मी भाजी घेत असताना तिचा फोन आला.

"मॅडम, यान बोलत नाहीये."

"तुम्ही त्याला काय बोललात?" मी विचारलं.

"मी तुम्हाला न्यायला येते," ती म्हणाली. तिथंच मला कळायला हवं होतं.

झालं होतं ते असं. युरेनसजवळून जायला काही महिने उरले होते. त्याआधी एक शेवटचा धक्का द्यायचा होता. तो दिला नाही तर यान ग्रहापासून इतक्या लांबून जाणार होतं की कॅमेऱ्यांना काळोखाशिवाय काही मिळालं नसतं. दहा वर्षांचा प्रवास, आणि शेवटी नुसतं शेजारून निघून जायचं. त्या धक्क्याची तयारी चाललेली असताना यानाच्या एका दिशादर्शकानं दगा दिला, यान गोंधळलं आणि त्यानं मी शिकवल्याप्रमाणे बोलणं बंद केलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण मधल्या काळात तिन्ही देशांच्या समितीनं अशा प्रसंगांसाठी नवीन कार्यपद्धती ठरवली होती. ती सर्वसमावेशक होती. सर्वसमावेशक म्हणजे समितीतल्या प्रत्येकानं आपली एकेक सूचना त्यात घातली होती. यानाची घड्याळं, यानाचं तापमान, इंजिनांची स्थिती, सगळ्याची चौकशी करणारा हा निरोप एवढा लांब होता की तो संपायच्या आत यानाचा कान बंद व्हायचा. यानानं विचारलं, आम्ही भाषण पाठवलं. यान गप्प. दोन दिवसांनी विचारलं, आम्ही सुधारित भाषण पाठवलं. चार दिवसांनी विचारलं, तेव्हा तिन्ही देशांच्या अँटेनांनी मिळून भाषण पाठवलं. बाबांची आठवण आली मला.

आता पुढचं विचारणं आठ दिवसांनी होतं. तेही हुकलं तर त्यापुढचं धक्क्याची तारीख उलटून गेल्यावर. म्हणजे एकच संधी उरली होती.

सायली स्कूटरवरून मला न्यायला आली. वाटभर ती एकच गोष्ट सांगत होती, की तिनं दुसऱ्याच वेळी छोट्या शब्दाचा प्रस्ताव मांडला होता, पण ती पद्धत कधी खऱ्या उड्डाणात वापरलेली नाही म्हणून समितीनं बाजूला ठेवला. खरं होतं ते. यान बिघडलंच नव्हतं तर वापरणार कशी?

कंट्रोल रूममध्ये पाऊल टाकलं तर माझ्या खुर्चीवर कुणीतरी गळ्याभोवतीची उशी ठेवलेली. पडद्यावर परदेशी मंडळी, सगळ्यांचे चेहरे दवाखान्याबाहेर बसलेल्या नातेवाइकांसारखे. मी सांगितलं की आजपासून कुणीही यानाला काही पाठवायचं नाही. त्यानं विचारलं की फक्त तो एक शब्द पाठवायचा. बाकी सगळं नंतर.

देवधर साहेबांना घाम फुटला. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, पण त्यांना वरती रोज अहवाल द्यायचा असतो.

"अहो मॅडम, म्हणजे आठवडाभर आपण काहीच करायचं नाही? वर काय कळवू मी?"

"कळवा, की यान रागावलंय आणि आपण त्याची वेळ बघतोय."

ते त्यांनी अर्थातच कळवलं नाही. "नियंत्रित निष्क्रियता" असं काहीतरी लिहिलं. ते वरती फार आवडलं, असं नंतर समजलं. परदेशी मंडळींत मात्र वाद झाला. एकजण म्हणाला, एवढ्या मोठ्या मोहिमेचं भवितव्य एका शब्दावर सोडणं बेजबाबदारपणाचं आहे. मी त्याला विचारलं, की भाषणांवर सोडून काय हाती लागलं? तो रागावला. शेवटी त्यांच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईंनी, ज्या जमिनीवरच्या चाचण्यांना हजर होत्या, हात वर केला आणि "वाड" एवढंच म्हणाल्या. त्यावर बैठक संपली.

तो आठवडा कसा काढला ते विचारू नका. काही करत राहणं सोपं असतं. लोक मला गुपचूप विचारायला यायचे, एक छोटीशी चाचणी पाठवली तर चालेल का, अगदी लहान. एकानं तर सिग्नलची ताकद वाढवून बघूया का म्हटलं, जसं काही यान बहिरं झालं होतं. मी सगळ्यांना हाकललं. पण खरं सांगते, घरी आल्यावर मीही चाचण्यांची जुनी टिपणं काढून बसायची. मी लिहिलेलं बरोबर आहे हे मला माहीत होतं. पण नऊ वर्षं गारठ्यात फिरलेल्या यंत्राला ते अजून आठवत असेल का, हे मला माहीत नव्हतं. ते नसतं आठवलं तर सायलीची दहा वर्षं माझ्या आईच्या स्वभावापायी गेली असती.

ठरल्या दिवशी सकाळी खोली गच्च भरली. वेळ झाली. पडद्यावर काही नाही. आणखी काही नाही. एवढ्यात "टिंग" झालं आणि सगळे ताडकन उभे राहिले. लिफ्टमधून चहावाला बाहेर आला. त्या बिचाऱ्याकडे इतक्या रागानं कधी कोणी बघितलं नसेल. तो परत फिरेपर्यंत पडद्यावर रेघ उमटली होती. बारीक, सरळ, हलत नसलेली. यान विचारत होतं.

सायलीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिनं तो एक शब्द पाठवला, दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले आणि मांडीखाली दाबून धरले, पुन्हा काही पाठवावंसं वाटू नये म्हणून.

आता उत्तराला दुपार उलटणार होती. देवधर साहेबांनी जेवण नको म्हटलं. कोणालाच जेवण जाईना. मी कँटीनमध्ये जाऊन व्यवस्थित जेवले, ताकसुद्धा प्यायले. सायलीला ओढून बसवलं आणि पहिल्यांदाच तिला "वाढ" हा शब्द कुठून आला ते सांगितलं. ती आधी हसली. मग तिनं विचारलं, की बाबा कधी शिकले का ते म्हणायला. मी म्हटलं, निवृत्त झाल्यावर. त्याआधी त्यांना वाटायचं की उत्तर दिलं म्हणजे हरलो.

दुपारी खोलीत परतलो. वेळ झाली आणि त्या एका रेघेच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक रेघा फुटायला लागल्या. एवढंच दिसतं. पण त्याचा अर्थ असतो की यान नुसतं आहे असं सांगत नाही, बोलतंय. घड्याळ, तापमान, इंजिनं, समितीला जे जे हवं होतं ते सगळं ते न विचारता आपणहून सांगत होतं. देवधर साहेबांनी मला मिठी मारायला हात पुढे केले, मग माझा शिस्तप्रिय स्वभाव आठवून नमस्कार केला. सायली टेबलावर डोकं ठेवून रडत होती. मीही रडले. न रडायला काय झालं होतं?

पुढे धक्का नीट बसला. यान युरेनसला वळसा घालून गेलं, त्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील, फिकट निळा आणि आडवा पडलेला. त्या दिवशी मी सोसायटीच्या गेटात शिरले तर पानसे उभेच.

"पोचलं का?"

"पोचलं," मी म्हटलं. एवढी वर्षं हा शब्द म्हणायची वाट बघितली होती.

"मग आता तिथंच का?"

"नाही. पुढे निघून गेलं. थांबायला इंधन नसतं."

पानशांनी बराच विचार केला. "थांबायचंच नव्हतं, तर एवढं गेलं कशाला?" म्हणाले, आणि पार्किंगकडे वळले. मोहिमेवर आलेल्या सगळ्या टीकेत मला हीच सर्वांत मुद्देसूद वाटली.

नंतर अपेक्षित तेच झालं. पुढे ग्रह नाही, म्हणून पैसेही नाहीत. अँटेना दुसऱ्या कामांना हव्या होत्या. यानाशी बोलणं थांबवायचं ठरलं. हडपसरच्या खोलीत आता वरच्या विमा कंपनीचा विस्तार होणार आहे. शेवटच्या दिवशी सायलीनं मला मुद्दाम बोलावलं. भाषणं झाली, समोसे झाले, आणि सगळे गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली.

"मॅडम, आपण बोललो नाही तर काही काळानं ते बिघाड समजेल ना? मग विचारायला लागेल. आपलं उत्तर नाही आलं तर दुप्पट दिवसांनी. मग त्याच्या दुप्पट."

"हो."

"मी सगळा प्रोग्राम पुन्हा वाचला. विचारणं कधी थांबवायचं, ते त्यात कुठंच नाहीये."

मला आई आठवली. बाबा गेले त्यानंतर आई माझ्याकडेच असायची. अबोला आता कोणाशी धरणार? तरी संध्याकाळ झाली की ती माझ्या ओट्याला टेकून उभी राहायची, आणि बाबांची खुर्ची आणून ठेवली होती त्या भिंतीकडे बघून विचारायची. आधी रोज. मग कधीतरी. शेवटी शेवटी महिन्या-दोन महिन्यांनी. पण विचारायची.

"ते मी लिहिलंच नाही," मी सायलीला म्हटलं. "आईत नव्हतं ते."